मागेल त्यालाच परतावा

बचत खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून बँका जो दंड कापून घेतात, त्याविषयीचा प्रश्न संसदेत वारंवार विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठराविक साच्याचे असते. ऑगस्ट २०२३ मध्ये तत्कालीन अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, २०१८ पासून सार्वजनिक क्षेत्रातील बँका आणि खासगी क्षेत्रातील पाच मोठ्या बँका यांनी या दंडापोटी २१ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम गोळा केली. एटीएमच्या जादा व्यवहारांचे आठ हजार कोटींहून अधिक आणि एसएमएसचे सहा हजार कोटींहून अधिक रुपये वेगळेच. एकूण वसुली ३५ हजार कोटींच्या पुढे गेली. या आकड्याची चर्चा झाली आणि नेहमीप्रमाणे ओसरली. परंतु आकड्यापेक्षा त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. यातली जी रक्कम नियम डावलून कापली गेली असेल, ती खातेदाराला परत कशी मिळणार?

नियम नाहीत असे नव्हे. एम. दामोदरन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली बँकांतील ग्राहकसेवेचा अहवाल दिला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी काढलेले आणि १ एप्रिल २०१५ पासून अमलात आलेले परिपत्रक पुरेसे स्पष्ट आहे. शिल्लक कमी झाल्यास बँकेने खातेदारास एसएमएस, ई-मेल वा पत्राने कळवावे. शिल्लक पूर्ववत करण्यास एक महिन्याची मुदत द्यावी. त्यानंतरच दंड घ्यावा. तो सरसकट नसावा, तर जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात असावा. आणि केवळ या दंडापायी खाते उणे शिलकीत जाता कामा नये. म्हणजेच खातेदाराने मागितलेला नसताना बँकेने स्वतःच्या दंडासाठी त्याच्या माथी ओव्हरड्राफ्ट मारू नये. त्याच वर्षी ६ मे रोजी, व्यवहार नसलेल्या निष्क्रिय खात्यांवर असा दंड लावण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली होती.

या नियमांचा सर्वाधिक संबंध येतो तो गाव सोडून दूर राहणाऱ्यांशी. मुंबईहून दिल्लीला आणि दिल्लीहून चेन्नईला बदली होणारा अधिकारी मागे एखादे पगार खाते ठेवून येतो. पगार जमा होणे थांबले की काही महिन्यांत ते साधे बचत खाते होते आणि त्याला किमान शिलकीची अट लागू होते. सूचना जाते ती जुन्या पत्त्यावर किंवा बंद झालेल्या मोबाइल क्रमांकावर. खानापूर-आटपाडीकडचा गलाई व्यावसायिक एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दुकान हलवतो, तेव्हा त्याचीही गत तीच होते. कापलेली रक्कम दर महिन्याला शंभर-दोनशे रुपयांची असते. तेवढ्यासाठी पाचशे किलोमीटरवरच्या शाखेशी पत्रव्यवहार कोण करणार? वसुली टिकून राहते ती प्रामुख्याने या हिशेबावर.

स्टेट बँकेचे उदाहरण बोलके आहे. पाच वर्षे बंद असलेला हा दंड तिने एप्रिल २०१७ पासून पुन्हा सुरू केला. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत त्यातून १,७७१ कोटी रुपये मिळाले. त्याच वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीत बँकेचा निव्वळ नफा होता १,५८१ कोटी रुपये. टीका होताच बँकेने मोठ्या शहरांतील शिलकीची मर्यादा पाच हजारांवरून तीन हजारांवर आणली, दंड घटवला आणि मार्च २०२० मध्ये ही अटच रद्द केली.

परताव्याचा खरा कस लागला तो जन-धन व तत्सम मूलभूत बचत खात्यांच्या बाबतीत. या खात्यांना किमान शिलकीची अट नाही. तरीही महिन्यातील चारपेक्षा अधिक व्यवहार झाल्यास, प्रत्येक जादा व्यवहारामागे स्टेट बँक १७ रुपये ७० पैसे कापत असे. त्यात पंधरा रुपये शुल्क होते, उरलेला वस्तू व सेवा कर. यूपीआय आणि रुपे कार्डाने केलेले छोटे व्यवहारही यात मोजले गेले. मुंबईच्या आयआयटीतील संख्याशास्त्राचे प्राध्यापक आशिष दास यांनी या वसुलीचा पाठपुरावा केला. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना बजावले, की १ जानेवारी २०२० पासून अशा डिजिटल व्यवहारांवर घेतलेले शुल्क परत करावे. त्यानुसार सुमारे ९० कोटी रुपये खातेदारांना परत मिळाले. परंतु २०२१ मधील आयआयटीच्या अहवालानुसार, एप्रिल २०१७ ते डिसेंबर २०१९ या काळातील १६४ कोटी रुपये बँकेकडेच राहिले. आदेशात तारीख होती, म्हणून त्या तारखेनंतरचे पैसे परतले. आधीचे पैसे तसल्याच खातेदारांचे आणि तसल्याच व्यवहारांचे होते, पण ते परत करण्यास कोणी भाग पाडले नाही.

या दृष्टीने ब्रिटनचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तेथे पूर्वपरवानगीशिवाय खाते उणे झाले किंवा धनादेश परत गेला, की बँका एकेका प्रसंगी तीस पौंडांच्या आसपास आकार लावीत. बँकेला प्रत्यक्षात येणारा खर्च याहून पुष्कळ कमी आहे, असा ग्राहकांचा आक्षेप होता. २००६-०७ मध्ये हजारो खातेदारांनी बँकांना पत्रे लिहिली, छोट्या दाव्यांच्या न्यायालयांत अर्ज केले आणि बँकांनी निकाल लागू न देता अनेकांचे पैसे परत केले. जुलै २००७ मध्ये बँका आणि तेथील व्यापारविषयक नियामक संस्था यांनी हा वाद कसोटी खटल्याच्या रूपाने न्यायालयात नेला, तेव्हा नव्या तक्रारी गोठवल्या गेल्या. उच्च न्यायालय आणि अपील न्यायालय यांनी नियामकाच्या बाजूने कौल दिला. परंतु २५ नोव्हेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. हे आकार म्हणजे बँकसेवेच्या एकूण किमतीचाच भाग आहेत, त्यामुळे किमतीच्या मानाने ते रास्त आहेत की नाहीत हे त्या नियमावलीखाली तपासता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. ज्यांनी आधी पत्र लिहिले होते त्यांचे पैसे परत मिळाले. ज्यांनी वाट पाहिली त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती काही लागले नाही.

पुढे प्रश्न सुटला तो न्यायालयात नव्हे, तर नियमपुस्तकात. ६ एप्रिल २०२० पासून ब्रिटिश नियामकाने ओव्हरड्राफ्टवरचे ठोक आकार बंद केले आणि केवळ वार्षिक व्याज घेण्याची सक्ती केली. अर्थात बँकांनीही भरपाई शोधली आणि बड्या बँकांचे व्याजदर चाळीस टक्क्यांच्या आसपास गेले. तरी किंमत उघड झाली आणि काही दिवसांसाठी थोड्या पौंडांनी खाते उणे होणाऱ्या गरिबावरचा ठोक भुर्दंड गेला, हे मान्य करावे लागेल.

आपल्याकडे कायद्याची आयुधे ब्रिटनपेक्षा कमी नाहीत. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते, की करारभंगाबद्दल दंडाची रक्कम लिहून ठेवली असली तरी मिळेल ती वाजवी भरपाईच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अनुचित करार’ ही संकल्पना आणली आणि नुकसानीच्या मानाने अवाजवी असलेला दंड तीत समाविष्ट केला. पण येथेच मेख आहे. अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. दोनशे रुपये गमावलेल्या माणसाला राजधानीच्या शहराची वाट दाखवणे म्हणजे दार उघडे ठेवून उंबरठा उंच करणे होय. बँकिंग लोकपालाची वाट सोपी आणि विनाशुल्क आहे. परंतु तेथील निर्णय त्या एका तक्रारदारापुरता असतो. त्याच शाखेतील, त्याच महिन्यात, त्याच चुकीने पैसे गमावलेले इतर खातेदार त्याच्या लाभापासून दूरच राहतात.

महाराष्ट्राने रोजगार हमीच्या रूपाने ‘मागेल त्याला काम’ हे तत्त्व देशाला दिले. त्यात मागण्याने हक्क निर्माण होत होता. बँकांच्या बाबतीत हक्क आधीच आहे आणि न मागितल्यामुळे तो बुडतो. हे तत्त्व उलटे करणे अशक्य नाही, याचा पुरावा रिझर्व्ह बँकेनेच दिला आहे. एटीएममधून पैसे न येता खात्यात वजावट झाली, तर व्यवहारानंतर पाच दिवसांत रक्कम परत करावी, अन्यथा दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी आणि हे खातेदाराच्या तक्रारीची वाट न पाहता बँकेने स्वतःहून करावे, असा आदेश सप्टेंबर २०१९ चा आहे. कर्जखात्यांबाबत तर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावले, की दंडात्मक आकार हे उत्पन्न वाढवण्याचे साधन नव्हे. कर्जदाराला जो न्याय, तो बचत करणाऱ्याला का नसावा? सूचना न देता, मुदत न देता किंवा खाते उणे करून घेतलेला दंड कोणता, हे बँकेच्या संगणकाला एका रात्रीत शोधता येते. तो परत करण्याचा आणि दरवर्षी अशा परताव्याचा आकडा जाहीर करण्याचा दंडक घालणे, हे परिपत्रकाच्या एका परिच्छेदाचे काम आहे.

तो परिच्छेद का लिहिला जात नाही, याचे उत्तर दिल्लीतच आहे. सरकारी बँकांचा मालक केंद्र सरकार आहे. त्यांच्या नफ्यातून लाभांश आणि सेवाशुल्कावर १८ टक्के कर सरकारी तिजोरीत येतो. अर्थखाते रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाकडे बोट दाखवते आणि रिझर्व्ह बँक संचालक मंडळांकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने मोठ्या शहरांतील नव्या खात्यांसाठी किमान सरासरी शिल्लक ५० हजार रुपये केली, तेव्हा हा ज्या त्या बँकेचा निर्णय आहे, असे गव्हर्नर संजय मल्होत्रा म्हणाले. बँकेने टीकेनंतर काही दिवसांतच ती मर्यादा १५ हजारांवर आणली. त्याच वर्षी कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, इंडियन बँक आणि बँक ऑफ बडोदा यांनी हा दंड माफ केला. त्यामागे ग्राहकप्रेमापेक्षा ठेवींसाठी लागलेली चढाओढ अधिक आहे. शिवाय ही माफी पुढच्या काळापुरती आहे. स्पर्धेपोटी मिळालेली सवलत स्पर्धा ओसरताच काढून घेता येते. नियमाने मिळालेला हक्क तसा काढता येत नाही.

तोवर जागरूक खातेदाराने आपल्यापुरते करावयाचे काम सरळ आहे. जुन्या खात्यांची विवरणपत्रे तपासावीत. दंड दिसल्यास, महिनाभर आधी दिलेल्या सूचनेचा पुरावा बँकेकडे लेखी मागावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही वा ते समाधानकारक नसले, तर विलंब न लावता लोकपालाकडे जावे. ज्याला अर्ज लिहिता येतो त्याचे पैसे बहुधा परत येतील. पण नियम हवा आहे तो अर्ज लिहू न शकणाऱ्यासाठी, आणि त्याची मागणी लेखणी हाती असलेल्यांनीच करावयाची आहे.