बॅटरी किती उरली?

शुक्रवारची रात्र, साडेअकरा. ऑफिसची गँग ठाण्यात कुठेतरी बसलीय, व्हॉट्सअ‍ॅपवर चकण्याचे फोटो येतायत आणि मी डोंबिवलीत, थ्री-फोर्थ घालून, उत्तर अटलांटिक महासागरात. साल १९४१. समोर मालवाहू जहाजांचा काफिला चाललाय आणि मी पाण्याखालून त्याच्या मागे. काफिल्याचा वेग सात नॉट. माझा, अगदी जीव तोडून, साडेसात. म्हणजे तासाभरात मी अर्धा सागरी मैल जवळ सरकणार. काफिला आठ मैल पुढे. गणित तुम्हीच करा. मी केलं आणि फ्रीज उघडून उभा राहिलो.

गेमचं नाव ‘सायलेंट हंटर ३’. युबिसॉफ्टने २००५ मध्ये काढलेला, म्हणजे आपल्या हिशेबात पुराणवस्तू. तुम्ही जर्मन यू-बोटीचे कॅप्टन. बंदरातून निघायचं, नकाशावर दिलेल्या चौकोनात जाऊन गस्त घालायची, जहाज दिसलं तर बुडवायचं आणि विनाशिका मागे लागली तर श्वास रोखून खाली बसायचं. यातलं नव्वद टक्के काम म्हणजे प्रवास. कॉर्पोरेट आयुष्याची इतकी चांगली तयारी दुसरा कुठलाच गेम करून घेत नाही!

आता आपल्यासारख्या माणसाला पहिला प्रश्न काय पडणार? ही बया फास्ट कशी पळेल?

सरळ उपाय गेममध्येच आहे. घड्याळ पळवायचं. काळ १०२४ पट वेगाने पुढे जातो, म्हणजे अख्खा दिवस दीड मिनिटाच्या आत संपतो. पण हा वेग खोटा. पाणबुडी तिच्याच चालीने चालते, फक्त तुम्हाला कंटाळा कमी येतो. शिवाय क्षितिजावर कोणी दिसलं की घड्याळ आपोआप ताळ्यावर येतं. दुसरा उपाय, पाण्यावर येणे. टाइप सात-सी ही त्या युद्धातली सगळ्यात जास्त संख्येने बांधलेली पाणबुडी. ती पाण्यावर डिझेल इंजिनांनी १७.७ नॉट पळते आणि पाण्याखाली बॅटरीवर फक्त ७.६. तेव्हाचे कॅप्टनही हेच करायचे. दिवसा दूरवरून, धुराच्या रेषेवर नजर ठेवून पाण्यावरून काफिल्याला वळसा घालायचा, पुढे जाऊन थांबायचं आणि रात्री हल्ला करायचा. पाणबुडी म्हणजे खरं तर बुडी मारू शकणारी बोट. बरेचसे दिवस ती वरच असायची.

पण वळसा घालायला पेशन्स लागतो. माझ्याकडे तो सोमवार ते शुक्रवारमध्येच संपलेला असतो. म्हणून मी तिसरा उपाय केला. चीटिंग.

गेमच्या फोल्डरमध्ये प्रत्येक पाणबुडीची एक फाईल असते. त्यात कमाल वेग, इंजिनांची ताकद वगैरे आकडे. एक छोटंसं टूल घेऊन ते बदलता येतात. आधी मूळ फाईलची कॉपी काढून ठेवा, हे मी तुम्हाला सांगतोय कारण मी काढली नव्हती. मी पाण्याखालचा वेग केला ३० नॉट. ताकद वाढवली, बॅटरीचा पल्ला वाढवला. सेव्ह. स्टार्ट. आणि काय सांगू बॉस, बोट नाही, डेक्कन क्वीन! काफिला वीस मिनिटांत गाठला. पुढे गेलो, मागे आलो, पुन्हा पुढे गेलो. त्या रात्री पाच जहाजं बुडवली.

शनिवारी बाबा शेजारी येऊन बसले.

बाबा म्हणजे रिटायर्ड फिटर. जहाजांच्या डिझेल इंजिनांची दुरुस्ती करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं. गेम वगैरे त्यांच्या लेखी रिकामपणाचे धंदे. पण स्क्रीनवर इंजिनरूम दिसली आणि खुर्ची पुढे सरकली.

“पाण्याखाली आहेस ना? मग किती नॉट दाखवतंय हे?”

“तीस.”

“बॅटरीवर?”

“हो.”

“बॅटरी किती उरली?”

“भरपूर आहे बाबा. मी ती वाढवलीय.”

ते हसले. असे फार दिवसांनी हसले. मग माझ्या ऑफिसच्या डायरीत पेनाने मांडून दाखवायला लागले. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद दुप्पट पुरत नाही, साधारण आठपट लागते. या बोटीच्या विजेच्या मोटारी मिळून ७५० हॉर्सपॉवरच्या (हे मी गूगल करून दिलं), त्यावर साडेसात नॉट. पंधरा हवे तर सहा हजार. तीस हवे तर पुन्हा आठपट, म्हणजे ४८ हजार. “आणि हे सगळं शिशाच्या बॅटरीतून? मग माणसं कुठे ठेवणार? वर टपावर?”

उलट बाजूनेही गणित तितकंच खरं. वेग कमी केला की बॅटरी कितीतरी पुरते. हीच बोट चार नॉटने, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या चालीने, ८० सागरी मैल जाऊ शकायची. वीस तास. फुल स्पीडला तासा-दीड तासात खेळ खलास. जर्मनांनी शेवटी टाइप एकवीस नावाची पाणबुडी काढली. अंगावरची तोफबिफ काढून गुळगुळीत आकार, जवळजवळ तिप्पट बॅटरी, पाण्याखाली १७ नॉट. पण ती लढायच्या मोहिमेवर निघेपर्यंत १९४५ उजाडलं. निघाल्या त्या फक्त दोन, आणि तेवढ्यात युद्धच संपलं. तोवर यू-बोटींवरच्या दर चार जणांपैकी जवळपास तिघं परत आले नव्हते. गेममध्ये हा आकडा कुठे दिसत नाही, पण माहीत झाल्यावर खलाशांच्या थकलेल्या चेहऱ्यांकडे बघवत नाही.

“आणि आवाजाचं काय?” बाबांचा पुढचा मुद्दा. पंखा जोरात फिरला की पाण्यात बुडबुडे होतात, ते फुटतात आणि तो कडकडाट मैलोन् मैल जातो. पाणबुडीचं अख्खं भांडवल म्हणजे ती ऐकू न येणं. रशियनांनी १९६० च्या दशकात टायटॅनियमची एक पाणबुडी बांधली. चाचण्यांत तिने ४४.७ नॉट गाठले, जगात सर्वांत वेगवान. पण पळायला लागली की इतका गोंगाट, की तशी दुसरी त्यांनी बांधलीच नाही.

मी निमूटपणे गेम अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकला. मूळ फाईल, मूळ वेग, ७.६.

आता खरी गंमत. बाबांना हायड्रोफोनवर बसवलं. हे म्हणजे पाण्याखालचे कान. चाक फिरवून दिशा बदलायची आणि ऐकायचं. मी हेडफोन लावून पाच मिनिटं धडपडतो. बाबांनी स्पीकरवरच डोळे मिटून सांगितलं, “हा मोठा पंखा. हळू फिरतोय. मालाचं जहाज आहे.” पेरिस्कोपमधून पाहिलं, बरोबर! दुसरं, तिसरं, बरोबर. इंजिनाच्या ठोक्यावरून बिघाड ओळखण्यात ३४ वर्षं घालवलेला माणूस तो. मी सॉलिड इम्प्रेस.

मग विनाशिका आली. त्यांची सोनार लाट आपल्या बोटीवर आपटते तेव्हा एक बारीक, टोकदार ‘पिंग’ ऐकू येतो. अंगावर काटा येतो खरंच. मी इंजिन बंद केलं, कुजबुजलो, “ऐकलंत?”

“काय?”

“हा आवाज. पिंग.”

“कुठला?”

पिंग. पिंग. मी व्हॉल्यूम वाढवला. आई आतून ओरडली. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

तुम्हाला खोटं सांगत नाही, गेली दोन वर्षं मी घरात चिडचिड करतोय. टीव्ही किती मोठा, बाबा. तीनदा सांगितलं, बाबा. शूज घालता घालता, दारातून, पाठ फिरवून भराभर बोलायचं आणि त्यांनी “आँ?” केलं की “जाऊ दे, काही नाही” म्हणून लिफ्ट पकडायची. वय झालं, लक्ष नसतं, असं मी ठरवून टाकलं होतं.

कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओग्राम काढला. खालच्या पट्टीतले आवाज ठीकठाक. मग रेघ खाली, खाली आणि ४००० हर्ट्झपाशी धाडकन तळाला. वर्षानुवर्षं यंत्रांच्या गोंगाटात काम केलेल्यांचा आलेख असाच पडतो म्हणाले. म्हणजे धडधडणारा पंखा ऐकू येतो, पिंग नाही. माणसांचा आवाज ऐकू येतो, पण स, श, फ ही अक्षरं गळून पडतात आणि उरलेलं वाक्य अंदाजाने जोडावं लागतं. समोरचा भरभर बोलला तर तेवढा वेळच मिळत नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मशीन लावलं तर बराच फरक पडेल.

“तुमच्याकडे कानाला काही देत नव्हते?” मी रिक्षात विचारलं.

“कापूस घालायचो की.”

“त्याने काय होणार होतं?”

“काही नाही. पण इंजिनाचा आवाज नीट ऐकू यायला हवा ना. म्हणून काढून ठेवायचो.”

मशीन आलं. दहा दिवस डबीत, देवघराखालच्या ड्रॉवरमध्ये. ‘म्हातारा दिसतो’ हे अधिकृत कारण. आईने समजावलं, मी समजावलं, शेजारच्या काकांनी स्वतःचं काढून दाखवलं. नाही म्हणजे नाही.

गेल्या शुक्रवारी मी पुन्हा त्याच काफिल्यामागे होतो. या वेळी शिस्तीत, पाण्यावरून, लांबून वळसा घालून. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. अंधार पडल्यावर पुढे जाऊन बुडी मारली, इंजिन दोन नॉटवर आणलं. मागून पावलं वाजली. बाबा खुर्ची ओढून बसले. डाव्या कानामागे काहीतरी चाचपत होते.

मी काही बोललो नाही. बघितलंसुद्धा नाही.

विनाशिका वळली. पिंग.

बाबांनी मान वर केली. पुन्हा पिंग. त्यांनी स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“हा होय! एवढ्याशा आवाजाला तू घाबरून बसतोस?”

“बाबा, तो आपल्याला शोधतोय.”

“मग बोलतोस कशाला? गप्प बस. आणि बॅटरी किती उरली ते बघ.”