जॅक त्यांचा, खाडा आमचा

१९२९ साली चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाखाचे पारितोषिक जाहीर केले. अट अशी, की यंत्र २० वर्षे टिकावे आणि दुरुस्ती स्वस्त असावी. पुढे गांधीजींनी पेटीचरखा घडविला तो येरवड्याच्या तुरुंगात. आज त्याच येरवड्यातील घरपोच माल पोचविणाऱ्या तरुणाचे श्रमसाधन मोबाईल आहे. चार्जिंगचा जॅक सैल झाला, की त्याची दिवसाची कमाई बुडते. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून नव्या फोनांना समान सी-टाइप जॅक सक्तीचा केला, हे स्वागतार्हच. परंतु केबल एक झाली म्हणून जॅक अमर होत नाही. तो मदरबोर्डालाच डाख देऊन जखडलेला असेल, तर क्षुल्लक तुकड्यापायी अख्खा फोन मोडीत निघतो. (विक्रेत्याला आणखी काय हवे?) सरकारने समान जॅकाबरोबरच तो सुटा, बदलता येण्याजोगा असण्याचीही सक्ती करावी; नाक्यावरच्या कारागिराला तो रास्त भावात मिळालाच पाहिजे.