जुन्या मोटारसायकलीची खरी किंमत
बीड जिल्ह्यातील खेड्यांत नोकरीस जाणारा शिक्षक वा कारकून जुनी मोटारसायकल घेतो, ती परवडते म्हणून. परंतु तिचे दोष विकणाऱ्यास ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारासंबंधी हेच मर्म मांडले. म्हणून खरेदीच्या रकमेतच दुरुस्तीचा वाटा राखून ठेवला पाहिजे. इंजिनातील ऑइल, ब्रेक-लायनर, साखळीचा ताण, टायरच्या भेगा प्रथम तपासाव्यात. गाडी मधल्या स्टँडवर लावून, पुढचे चाक उचलून हँडल फिरवावे. ते अडखळले, तर मांजरसुंब्याच्या घाटात नेण्यापूर्वी कोनसेट बदलावा. ब्रेकवर वाचविलेले पैसे हिशेबात बचत म्हणून दिसतात. त्यांची वसुली उतारावर होते.