विसार परत, विषय संपला?

कलकत्त्याच्या बालीगंजात राहणारं, बदलीच्या नोकरीतलं एखादं मराठी कुटुंब घ्या. बिऱ्हाड पुण्याला हलवायचंय. महिनाअखेरीस घरमालकाला किल्ली द्यायची, हे सामान नेणाऱ्याला आधीच लिहून कळवलेलं. ठरल्या सकाळी ट्रक येतच नाही. दुपारी फोन येतो, "दादा, ॲडव्हान्स परत पाठवतो."

"पैसे मिळाले ना, मग आणखी काय हवं?" असं आपलीच माणसं विचारतात. ऐकायला समंजस, पण खोटं. विसार परत करणं म्हणजे आपलेच पैसे आपल्या हातावर ठेवणं. त्यात भरपाई कुठे आली?

1872च्या भारतीय करार कायद्यात कलम 73खाली उदाहरणं दिली आहेत. त्यातलं दुसरं तर जणू आपल्यासाठीच लिहिलंय. एकजण मुंबईहून कलकत्त्याला माल आणायला जहाज ठरवतो; जहाज मुंबईला जातच नाही. त्याला तितक्याच किफायतीत दुसरी सोय मिळते. भाड्यात तोटा शून्य. तरीही त्यापायी झालेल्या यातायातीची आणि खर्चाची भरपाई जहाजवाल्यानं द्यायची! जहाजाच्या जागी ट्रक ठेवा. दुसरा ट्रक महाग पडला, तर वरचा फरकही मागता येतो. किल्लीला उशीर झाला म्हणून घरमालकानं जादा भाडं घेतलं, तर तेही. कारण ती तारीख करार करतानाच सांगितलेली होती. सांगितली नसती, तर हा मुद्दा लंगडा पडला असता.

याउलट "मनस्तापाचे दहा लाख ठोका" म्हणणारेही भेटतात. त्यांचंही पटत नाही. कलम 73 दूरान्वयाचं नुकसान मोजत नाही, आणि नुकसान आवरायला हाताशी कोणते उपाय होते तेही पाहतं. दुसरा ट्रक मिळत असताना आठवडाभर हॉटेलात बसून बिलं जमवणाऱ्याला ती सगळी मिळायची नाहीत. मनस्तापाची दाद मागायची ती ग्राहक आयोगाकडे. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1993मध्येच ती वाट मोकळी केली.

"पण त्यासाठी कलकत्त्याला खेटे कोण घालणार?" कुणीच नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षं. ट्रक बालीगंजात आला नाही, तरी सामानवाल्याला पुण्यात यावं लागेल.