बाबांच्या कॅसेटी



आमच्या हिवरखेडात महिन्यातून एका रविवारी दुपारी सहा-सात घरची माणसे एका खोलीत जमतात. कोणाच्या हातात जुनी कॅसेट असते, कोणाच्या पिशवीत मोडीच्या भावात मिळालेली तबकडी असते, तर पोरापोरींच्या मोबाईलमध्ये उतरवून घेतलेले गाणे असते. प्रत्येकाने आपल्या आवडीचे एकच गाणे आणायचे, सर्वांनी ते गप्प बसून ऐकायचे आणि ते का आवडले हे आणणाऱ्याने सांगायचे. चहा ज्याच्या घरी बैठक त्याचा. एवढाच आमचा कारभार. गाणे मात्र शास्त्रीय.

हे वाचून कोणी म्हणेल, जिनिंगमध्ये हमाली करणाऱ्यांना आणि निंदणाला जाणाऱ्या बायांना हे सोंग कशाला? रागावू नका. हाच प्रश्न तीस वर्षांपूर्वी मीही विचारला होता, आणि तो माझ्या वडिलांना विचारला होता. त्याचीच हकीकत आज सांगायची आहे.

बाबा जिनिंगमध्ये रुईचे गठ्ठे उचलत. शिक्षण चौथीपर्यंत. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागे. 1952 साली सुरू झालेला हा कार्यक्रम बाबांनी जमेल तोवर चुकवला नाही. हातपाय धुऊन, केसांतली रुई झटकून ते रेडिओ घेऊन अंगणात बसत. पुढे हप्त्याने टेपरेकॉर्डर घेतला आणि आवडलेले गाणे ते कॅसेटवर भरून ठेवू लागले. डबीवर पेन्सिलीने मोठ्या अक्षरात गाणाऱ्याचे नाव लिहीत. अशा चाळीसेक कॅसेटी पत्र्याच्या पेटीत होत्या.

आमच्या वस्तीत गाणे म्हणजे भीमगीते. जयंतीला वामनदादा कर्डकांच्या गाण्यांवर सारी वस्ती उभी राही, आणि कोरस धरायला बाबा सर्वांत पुढे असत. त्यामुळे शनिवारचे ते आलाप लोकांना विचित्र वाटत. पोरे मला चिडवीत. एके रात्री मी चिडून म्हणालो, "बाबा, बंद करा ते. हे आपलं गानं नाही, मोठ्या लोकायचं हाय."

बाबा शांतपणे म्हणाले, "मंग बाबासाहेब व्हायलिन काहून शिकत होते?"

मला उत्तर सुचले नाही. बाबासाहेब उतारवयात व्हायलिन शिकत होते हे खरेच आहे. पुण्याच्या सिंबायोसिसच्या संग्रहालयात त्यांचे व्हायलिन आजही पाहायला मिळते. पण उत्तर सुचले नाही की माणसाला अधिक राग येतो. पुढल्याच आठवड्यात मित्राच्या लग्नासाठी मला गाणी भरायला कॅसेट हवी होती. मी पेटीतली एक उचलली आणि तिच्यावर बँडची गाणी भरली. डबीवर लिहिले होते, ‘गंगूबाई हनगल, चंद्रकंस’.

बाबांना ते कळले. त्यांनी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. "असू दे. रेडिओवर पुन्हा लागंल," एवढेच म्हणाले. त्यानंतर ते बारा वर्षे जगले. ते गाणे पुन्हा लागले नाही.

बाबा गेल्यावर मी गंगूबाईंबद्दल मिळेल ते वाचले, आणि मला माझीच लाज वाटली. 1913 साली धारवाडला जन्मलेल्या या बाई. गाणाऱ्या बायांचे घर म्हणून समाज त्यांच्याकडे खालच्या नजरेने पाही. 1924 च्या बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींसमोर स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींत त्या होत्या. गाणे चांगले झाले, पण पोरीच्या मनात भीती काय होती? आपल्या जातीमुळे जेवणानंतर आपल्याला पत्रावळी उचलायला तर लावणार नाहीत ना! ही आठवण त्यांनी स्वतःच पुढे सांगितली आहे. वाचक भगिनींनो, ही भीती आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

पुढे त्या हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकल्या. सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. म्हणजे मुसलमान उस्ताद, ब्राह्मण शिष्य, आणि त्याची शिष्या गावाने नाव ठेवलेल्या घरातली मुलगी. ज्या गाण्याला मी ‘मोठ्या लोकायचं’ म्हणून बंद करायला निघालो होतो, ते असे तीन घरांतून आलेले होते. त्या गाण्याच्या बैठका मात्र राजवाड्यात, देवळात, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात होत. तिथल्या दारात जात विचारली जाई. रेडिओने आणि तबकडीने हे दार मोडले. बाबा अंगणात बसून ऐकत होते, त्यांना कोणी विचारायला आले नाही की तू कोण.

आमची बैठक बाबांच्या त्या पेटीवरूनच सुरू झाली. असे जमणे काही आमचाच शोध नाही. मुंबईत 1990 साली जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन केली. तीही माणसे एकत्र बसून तबकड्या ऐकत, त्यांवर बोलत. त्यांच्याकडे खजिना, आमच्याकडे एक पेटी. पण ऐकायला कान तेच लागतात.

बैठकीत भांडणेही होतात. आमचे एक मामा जुन्या तबकड्यांचे भक्त. लाखेची ती तबकडी मिनिटाला 78 फेरे घेते आणि एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे गाते. आपल्याकडची पहिली ध्वनिमुद्रणे 1902 साली कलकत्त्याला झाली, त्यांत गौहरजान होत्या. गाणे संपले की त्या इंग्रजीत स्वतःचे नाव सांगत. मामा म्हणतात, "तीन मिनिटांत सारा राग सांगाचा म्हनजे फालतू एक सूर नाही पाहिजे." आमची वहिनी म्हणते, "मामा, स्वयंपाक उभ्या उभ्या केला त पोट भरते, पन जेवन बसूनच होते." तिला पुढल्या काळातल्या मोठ्या तबकड्या आवडतात, ज्यांवर एका बाजूला वीसेक मिनिटे गाणे चालते. ती वसंतराव देशपांड्यांचे गाणे आणते, कारण ते आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला जन्मले. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षे कारकुनी करून त्यांनी गाणे सांभाळले. 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’ नाटकातला त्यांचा खाँसाहेब साऱ्या महाराष्ट्राने ऐकला. कामावरून थकून आलेल्यांना हे ऐकून बरे वाटते.

मागच्या वेळी सातवीतल्या एका मुलीने मोबाईलवर केसरबाई केरकरांची भैरवी आणली. केसरबाई गोव्याच्या, देवळाच्या सेवेला बांधल्या गेलेल्या कलावंत समाजातल्या. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर याने आकाशात सोडली, तेव्हा पृथ्वीची ओळख म्हणून सोबत दिलेल्या सोनेरी तबकडीवर भारतातून एकच गाणे होते, केसरबाईंची ही भैरवी. त्याच सप्टेंबरात बाई वारल्या. पोरगी म्हणाली, "ते यान सूर्यमालेच्या बाहेर गेलं, अजून चालूच हाय." खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

आणि आता माझी पाळी. गंगूबाईंच्या जुन्या तबकड्यांत त्यांचा आवाज बारीक, मुलीसारखा आहे. पुढे घशाच्या दुखण्यावर इलाज झाला आणि आवाज भरदार, पुरुषी झाला. लोक हसतील म्हणून त्या थांबल्या नाहीत, त्याच आवाजात पुढे साठ वर्षे गायल्या. दोन्ही काळांची गाणी मी लागोपाठ लावली. शेवटी पिशवीतून ती लग्नाची कॅसेट काढली. बँडची गाणी वाजली, संपली, एक खट्ट आवाज झाला आणि चंद्रकंस सुरू झाला! मी भरलेली गाणी फितीपेक्षा दोन मिनिटांनी कमी पडली होती. मागे राहिलेली ती दोन मिनिटे मला यंदाच सापडली.

माय दाराशी बसून गहू निवडत होती. बाबांच्या आयुष्यात ती त्यांच्याजवळ गाणे ऐकायला कधी बसली नव्हती. तिने सूप खाली ठेवले. फीत संपल्यावर म्हणाली, "मले राग-बिग समजत नाही. पन हे बाई रडून झाल्यावर गायले बसली हाय." मग थोडे थांबून, "तुह्या बापानं हेच सांगतलं होतं मले. म्या आइकलं नाही."

साऱ्या बैठकांत गंगूबाईंबद्दल याहून खरे कोणी बोलले नव्हते.

तर बंधू-भगिनींनो, घरात जुन्या कॅसेटी असतील तर मोडीत घालू नका. उन्हात, ओलीत किंवा स्पीकरच्या लोहचुंबकाजवळ ठेवू नका. वर्षातून एकदा पुढे-मागे फिरवा, फीत चिकटत नाही. जाणत्या पोराकडून मोबाईलमध्ये उतरवून घ्या आणि डबीवरचे नावही लिहून ठेवा. चार घरे जमवा. काही समजले नाही तरी चालेल, गप्प बसून ऐका आणि मग जे वाटले ते बोला. घरातले म्हातारे माणूस काही ऐकत बसले असेल तर त्याला ‘बंद करा’ म्हणण्याआधी घडीभर शेजारी बसा.

ती दोन मिनिटे आता सहा घरांच्या मोबाईलमध्ये आहेत. डबीवर बाबांची पेन्सिल फिकी झाली होती. मी अक्षरे गिरवली नाहीत, तशीच ठेवली.