स्पीकर ‘अपग्रेड’ होतो आणि इतिहास भंगारात जातो

१/
कारखान्यातून निवृत्त झालेल्या पिढीची घरे आवरली जातात, तेव्हा आकुर्डी-निगडी-चिंचवडच्या माळ्यांवरून जुने स्पीकर खाली उतरतात. पेटीवर परदेशी नाव असेल तर ती शौकिनाकडे जाते आणि तिचे ‘अपग्रेड’ होते. नाव देशी असेल तर ती भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. दोन्ही वाटांनी शेवटी एकच गोष्ट नष्ट होते : पुरावा. हा धागा त्या पुराव्याच्या बाजूने.

२/
या पट्ट्याचा इतिहास बहुधा कारखान्यांच्या सनावळीने सांगितला जातो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, त्यानंतर आकुर्डीत बजाज ऑटो, १९६२ साली एमआयडीसी, १९७२ साली कामगारांच्या घरांसाठी नवनगर विकास प्राधिकरण. उत्पादनाचे आकडे मिळतात, संपांच्या तारखा मिळतात. पाळी संपवून घरी आलेला माणूस काय ऐकत होता आणि कशावर ऐकत होता, याची नोंद मात्र सापडत नाही. ती नोंद त्या पेट्यांत आहे.

३/
प्रथम परदेशी पेट्यांचा विचार करू, कारण भक्ती तिथेच अधिक आहे. ‘आता असे स्पीकर बनत नाहीत’ हे वाक्य प्रत्येक जुन्या वस्तूच्या विक्रीत उच्चारले जाते. ते अक्षरशः खरे आहे. पण का बनत नाहीत, याचे उत्तर कारागिरीच्या ऱ्हासात शोधणे म्हणजे इतिहासाला पोथी बनवणे होय.

४/
उदाहरण अल्निकोचे. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूपासून बनलेल्या या चुंबकाला आज बाजारात देवत्व लाभले आहे. १९७८ साली झाईरच्या शाबा प्रांतात युद्ध पेटले. जगातील कोबाल्टचा मोठा वाटा तिथल्या खाणींतून येत असे. कोबाल्टचे भाव कडाडले आणि स्पीकर उद्योग झपाट्याने फेराइट चुंबकांकडे वळला. आफ्रिकेतील एका खाणपट्ट्यातील बंदुकांनी जगभरच्या दिवाणखान्यांतील चुंबक बदलले.

५/
फेराइट म्हणजे दर्जाची घसरण, हा निष्कर्षही घाईचा आहे. ही चुंबके फिलिप्सच्या प्रयोगशाळेने १९५०च्या दशकाच्या आरंभीच जगापुढे आणली होती. अल्निकोऐवजी फेराइट वापरताना विकृती वाढू नये, म्हणून जेबीएलसारख्या कंपन्यांनी चुंबकीय मंडलाची रचनाच नव्याने केली. अडचणीतून अभियांत्रिकी घडली. शौकीन मात्र ती अडचण विसरतो, अभियांत्रिकी नाकारतो आणि केवळ धातूचे नाव जपतो.

६/
दुसरे उदाहरण पेटीच्या आकाराचे. राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली हलत्या कॉइलचा आधुनिक स्पीकर मांडला. त्यानंतर कित्येक वर्षे खोल खर्जासाठी कपाटाएवढी पेटी लागते, असे मानले जाई. १९५४ साली एडगर व्हिलचूर यांनी बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगसारखे वापरले आणि एआर-१ या लहान पेटीतून मोठ्या पेटीचा खर्ज काढून दाखवला. स्पीकर मोठ्या दालनातून सामान्य घराच्या फळीवर आला, तो या विचारामुळे.

७/
तिसरे उदाहरण गणिताचे. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी वूफर व पेटी यांचे नाते सूत्रांत बसवले. त्याआधी पेटीचे माप पुष्कळदा अंदाजाने ठरे. म्हणजे ज्या काळाला ‘सुवर्णकाळ’ म्हटले जाते, त्याच्या पूर्वार्धातील अनेक पेट्या चाचपडत बनल्या होत्या. काही अद्भुत साधल्या, पुष्कळ फसल्या. फसलेल्या केव्हाच भंगारात गेल्या. उरलेल्यांवरून संपूर्ण काळाची प्रतवारी लावणे, ही इतिहासाच्या विद्यार्थ्याला न शोभणारी चूक आहे.

८/
आणि कानांवर किती विसंबावे? फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली मांडलेल्या प्रयोगात श्रोत्यांनी तेच स्पीकर एकदा पाहून आणि एकदा पडद्याआड ऐकले. दृष्टीस पडताच गुणांकन बदलले. नाव, आकार, किंमत यांनी कानांना वळवले. सागवानी पेटी आणि पितळी नावपट्टी समोर ठेवून केलेल्या ‘परीक्षणा’ला पुरावा म्हणता येत नाही, ते दर्शन होय.

९/
आता ‘अपग्रेड’ या शब्दाकडे. व्यवहारात त्याचा अर्थ बहुधा असा असतो : मूळ क्रॉसओव्हर काढून टाकणे, महागडे कॅपॅसिटर बसवणे, ट्वीटर बदलणे, पेटी घासून नवे व्हिनिअर चढवणे आणि मग ‘पूर्ण रीस्टोअर केलेला’ अशी जाहिरात करणे. यातले दुरुस्ती किती आणि पुसून टाकणे किती, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

१०/
दुरुस्ती आवश्यक असते, हे नाकारण्याचे कारण नाही. वूफरच्या कडेचा फोम दमट हवेत दहा-वीस वर्षांत विरतो. आपल्याकडचे पावसाळे त्याला हातभारच लावतात. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर सुकतात. १९७०च्या दशकानंतरच्या अनेक ट्वीटरमधील चुंबकीय द्रव गोंदासारखा घट्ट होतो. असा स्पीकर ‘मूळ स्थितीत’ आहे म्हणून जपणे, हेही इतिहासाशी प्रामाणिक नव्हे. तो आज ज्या आवाजात बोलतो, तो आवाज त्याच्या निर्मात्याने कधीच ऐकला नव्हता.

११/
प्रश्न आहे तो दुरुस्तीच्या सीमेचा. जुना इलेक्ट्रोलायटिक काढून पॉलिप्रॉपिलीन कॅपॅसिटर बसवला की अंतर्गत रोध कमी होतो, ट्वीटरकडे थोडी अधिक शक्ती जाते आणि आवाज उजळतो. शौकीन त्याला ‘पडदा उठला’ म्हणतो. वास्तविक मूळ अभियंत्याने तो रोध हिशेबात धरलेला असू शकतो. अर्ध्या ओहमच्या आसपासचा एक साधा रेझिस्टर जोडला तर जुना समतोल बराचसा परत येतो. तो काही रुपयांत मिळतो, म्हणूनच कदाचित त्याची जाहिरात होत नाही.

१२/
बदल कसा करावा, याचा वस्तुपाठ बीबीसीने घालून दिला आहे. बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांतील अरुंद जागेसाठी १९७०च्या दशकात एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर तयार झाला. त्यात केईएफचे वूफर व ट्वीटर होते. पुढे या घटकांचे गुणधर्म मूळ मापांपासून ढळू लागले. तेव्हा १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रॉसओव्हर नव्याने आखला गेला. १५ ओहमची आवृत्ती आणि ११ ओहमची आवृत्ती हा भेद आजही संग्राहक ओळखतात, कारण बदल मोजून केला गेला आणि नोंदवला गेला.

१३/
आकुर्डीला हे समजावणे कठीण जाऊ नये. पियाजिओबरोबरचा करार संपल्यावर १९७२ साली बजाजने ‘चेतक’ आणली. लोकांनी तिच्यासाठी वर्षानुवर्षे नोंदणीच्या रांगेत वाट पाहिली. आज जतन केलेल्या जुन्या चेतकमध्ये कोणी विजेची मोटर बसवली आणि तिला ‘मूळ चेतक’ म्हणून विकले, तर खरेदीदार हसेल. २०१९ साली विजेवर चालणारी चेतक आली, ती वेगळी गाडी म्हणूनच. स्कूटरला दिला जाणारा हा न्याय स्पीकरला का नाही?

१४/
आता दुसऱ्या वाटेकडे. देशी पेट्यांची ती वाट अधिक क्लेशदायक आहे. १९९१पूर्वी आयातीवर कडक निर्बंध आणि जबर जकात होती. परदेशी स्पीकर घरात येई तो आखातातून परतलेल्या नातलगाच्या सामानातून, जहाजावरील नोकरीतून किंवा मायदेशी निघालेल्या परदेशी अधिकाऱ्याच्या विक्रीतून. बाकीच्यांनी काय केले? त्यांनी इथे बनलेले घेतले किंवा स्वतः बनवून घेतले.

१५/
१९७० साली कोलकात्यात सोनोडाइन सुरू झाली. पुण्याजवळ लोणी काळभोरला फिलिप्सचा कारखाना होता. पुढे पुण्यातल्याच केडन्सने स्थिरविद्युत पडद्याचे उच्च श्रेणीचे स्पीकर घडवले. या नावांखाली एक निनावी थर आहे : बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून आणलेले वूफर, सुताराने प्लायवूडमध्ये ठोकलेली पेटी, पुठ्ठ्यावर गुंडाळलेली कॉइल. औद्योगिक वसाहतीत फिटर, टर्नर, वाइंडर शेजारीच राहत. अशा हातांना पेटी बांधणे परके नव्हते.

१६/
या पेट्या टॅनॉयच्या १९४७च्या ड्युअल कॉन्सेंट्रिकशी किंवा क्वाडच्या १९५७च्या स्थिरविद्युत स्पीकरशी बरोबरी करत होत्या, असा दावा कोणी करू नये. अस्मितेच्या नावाखाली खोटी प्रतिष्ठा देणे हीदेखील फसवणूकच आहे. त्यांचे मोल वेगळे आहे. टंचाईच्या अर्थव्यवस्थेत एका समाजाने ऐकण्याची हौस कशी भागवली, याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे. हा पुरावा कोणत्याही परदेशी ब्रँडच्या इतिहासग्रंथात मिळणार नाही.

१७/
तो पुरावा जातो कुठे? या शहराच्या भंगाराची मोठी बाजारपेठ चिखलीजवळ कुदळवाडीत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली गोदामे आणि बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली. त्या कारवाईच्या योग्यायोग्यतेचा वाद वेगळा. पण भंगाराच्या बाजारात स्पीकरचे मोल वजनावर ठरते : चुंबकाचे लोखंड वेगळे, कॉइलचे तांबे वेगळे, लाकूड जळणाला. अनुक्रमांक, सुताराची पेन्सिलची खूण, आत चिकटवलेली पावती यांना तराजूत वजन नसते.

१८/
पुण्याने हे एकदा वेगळ्या रीतीने हाताळले आहे. दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती, वाद्ये गोळा केली. त्या वेळी त्या वस्तू सामान्य घरातल्या आणि म्हणून क्षुल्लक समजल्या जात. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयातून महाराष्ट्राच्या घरगुती जीवनाचा अभ्यास होतो. त्यांनी प्रत्येक अडकित्त्याला नवे पाते बसवून तो ‘अपग्रेड’ केला असता, तर अभ्यासायला काय उरले असते?

१९/
‘वस्तू वापरासाठी असते, काचेच्या कपाटासाठी नव्हे,’ हा आक्षेप येईल. तो रास्त आहे. स्पीकर वाजलाच पाहिजे. मुका स्पीकर अर्धाच दस्तऐवज. म्हणून नियम एकच पुरेसा : केलेला प्रत्येक बदल उलटवता आला पाहिजे. काढलेला कॅपॅसिटर फेकू नये. तारीख लिहून पिशवीत घालावा आणि पेटीतच ठेवावा. मूळ क्रॉसओव्हरचे छायाचित्र घ्यावे. पेटी पुसावी, तासू नये.

२०/
खरेदी करतानाही हीच दृष्टी उपयोगी पडते. कोन दोन्ही बाजूंनी हलक्या बोटांनी आत ढकलावा. घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल सरकलेली आहे. मल्टिमीटर लावावा, ८ ओहमचा वूफर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो. दोन्ही पेट्यांचे अनुक्रमांक जुळतात का, मागच्या स्क्रूंवर ताजे ओरखडे आहेत का, तळाशी वाळवीची माती आहे का, हे पाहावे. दस्तऐवजाची शहानिशा अशीच होते.

२१/
आणि पैसा कुठे खर्च करू नये, तेही. २.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम. पाच मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन दहा मीटर तार, म्हणजे सुमारे ०.०७ ओहम, ८ ओहमच्या स्पीकरपुढे एक टक्काही नाही. फिनोलेक्सची वायर बनवणाऱ्या पिंपरीच्या परिसरात हजारो रुपये मीटरची ‘ऑडिओफाइल’ तार विकली जावी, हा मोठाच विनोद आहे.

२२/
तीच गोष्ट अवाढव्य वूफरची. दहा बाय बाराच्या खोलीत हवेचे पहिले अनुनाद साधारण ४७ आणि ५६ हर्ट्झवर पडतात. तिथे खर्ज स्पीकरपेक्षा खोलीच अधिक ठरवते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज ७० हर्ट्झच्या आसपास असतो. स्टुडिओसाठी बनलेला १५ इंची मॉनिटर अशा खोलीत कोंबून ख्याल ऐकणाऱ्याने आवाज विकत घेतलेला नसतो. त्याने मिरवण्याची वस्तू विकत घेतलेली असते.

२३/
औद्योगिक शहराचा इतिहास चिमण्यांवरून लिहिला की तो मालकांचा आणि सरकारचा इतिहास होतो. घरातल्या वस्तूंवरून लिहिला की त्यात कामगार दिसू लागतो : त्याची बचत, त्याची हौस, त्याचा कान. आकुर्डीत बजाजचे मूळ उत्पादन २००७ साली थांबले. त्या कारखान्याच्या नोंदी कंपनी ठेवेल. कामगाराच्या माळ्यावरच्या पेटीची नोंद ठेवणारी कोणतीही कंपनी नाही.

२४/
म्हणून इतिहासाची गोडी असलेल्या तरुणांनी पुढची पेटी माळ्यावरून उतरताना स्क्रू-ड्रायव्हरच्या आधी वही काढावी. कोणी घेतली, कोणत्या साली, कितीला, कुठून, काय वाजत असे; हे सांगणारी माणसे अजून हयात आहेत. नवा कॅपॅसिटर पुढच्या वर्षीही मिळेल. ती माणसे मिळतीलच, याची शाश्वती कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.