रात्रीचं पाणी आणि सभासदाची झोप



गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याला रात्र-दिवस राहत नाही. गव्हाणीत मोळी पडत राहिली पाहिजे, हे आम्हांलाही मान्य आहे. पण मिलमध्ये तीन पाळ्या आहेत. आठ तास झाले की एक घरी जातो, दुसरा कामावर येतो. ऊस पिकवणाऱ्याला पाळीच नाही. दिवसभर फडावर टोळी, वाहनाची वाट, मुकादमाची मनधरणी. आणि मध्यरात्री लाईट आली की खोडव्याला पाणी. या माणसाने झोपायचे केव्हा? दर आणि उतारा यांवर आपण तासन् तास बोलतो, झोपेवर कोणी बोलत नाही. बोललाच तर लोक त्याला आळशी म्हणतात.

उलट कमी झोपणे ही आपल्याकडे बढाईची गोष्ट. "चार तास पडलो तरी मला बास होतं," असे सांगणारे प्रत्येक पारावर भेटतात. आम्हांला ते पटत नाही. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. कमी झोपेची सवय होते म्हणतात. खरे तर आपण थकलो आहोत हे कळेनासे होते, एवढेच. वर्षानुवर्षे झोप मोडत राहिली की रक्तदाब वाढण्याचा आणि मधुमेहाचा धोका वाढतो, कारण अपुऱ्या झोपेने इन्सुलिन नीट काम करीत नाही. (साखर कारखान्याच्या गावात 'साखरेचा आजार' हा थट्टेचा विषय होतो. ज्याच्या घरात तो आहे त्याला विचारा.)

कोणी म्हणेल, रात्री दारं धरली तर सकाळी झोपून भरपाई करू. ती पुरती होत नाही. शरीराला स्वतःचे घड्याळ असते. ते कसे चालते याचा शोध फळांवरच्या बारीक माश्यांवर अभ्यास करून लावल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ उजेडावर लागते. ऊन डोक्यावर आले, अंगणात पोरांचा गलका, दूधवाला, फोन. अशात आलेली झोप तुटकच असते. शिवाय हा आठवडा दिवसा आणि पुढचा रात्री, अशी लाईट पालटत राहिली तर घड्याळ बिचारे लागणार तरी कशावर?

यापेक्षा मोठी काळजी रस्त्यावरची आहे. १९९७ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील एक प्रयोग छापून आला. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी ढिली पडते, असे त्यात दिसले. आपल्या मोटार वाहन कायद्यात मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे पहाटे उठून ऊस भरून घेणारा, रात्री अकराला दोन ट्रॉल्या घेऊन निघणारा आपला ड्रायव्हर थेंबही न घेता पिलेल्यासारखाच असतो. आपण त्याला वर म्हणतो, "आणखी एक खेप मार." चहा पाजून झोप जात नाही, थोडा वेळ दबते. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नसला तर येणाऱ्याचाही जीव जातो.

यावर उपाय एकट्या सभासदाच्या हातात नाही. दिवसा वीज ही मागणी चैनीची नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात शेतकरी त्यासाठीच धरण्याला बसले होते. रात्रीच्या शिवारात साप आहे, उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, काही फीडरना दिवसाचा पुरवठा मिळूही लागला. ज्या गावांत अजून नाही त्यांनी ग्रामसभेचे ठराव करावेत, आणि संचालक मंडळाने ते पुढे रेटावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. ठिबक बसवलेल्याला निदान रात्रभर पाटावर फावडे घेऊन उभे राहावे लागत नाही. ज्याच्याकडे ठिबक नाही त्याने भावाभावांत, बांधाशेजाऱ्यांत पाळ्या लावाव्यात. एकाच माणसाने सलग तीन रात्री जागू नये.

कारखान्याकडेही आमचे मागणे आहे. केन यार्डात ड्रायव्हर आणि बैलगाडीवाले ट्रॉलीखाली, बैलांच्या पायाशी निजतात. तिथे एक पत्र्याची शेड, पाणी आणि दहा-वीस सतरंज्या एवढे झाले तरी पुष्कळ. हंगामाच्या खर्चात ते जड नाही. आणि नंबर आला म्हणून झोपलेल्याला हाक मारून लगेच चाकावर बसवू नये. गाढ झोपेतून उठलेल्याचे डोके ताळ्यावर यायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तोवर मागची गाडी काट्यावर घेता येते.